कप्प्यात कप्पा किती असावा?

कॉन्फिगरेशन फाइलचा विचार बहुतेक प्रोग्रामर सगळ्यात शेवटी करतात. कोड लिहून झालेला असतो, त्यातली मॉड्यूलची उतरंड जशीच्या तशी फाइलमध्ये उतरते आणि एका साध्या पोर्ट नंबरसाठी चार पातळ्या खाली जावे लागते. ही फाइल उघडणारा मात्र बहुधा वेगळाच असतो. सर्व्हर अडलेला असतो आणि त्याला घाईत एकच ओळ बदलायची असते. सेटिंगचे गट पाडायचे ते त्याच्या सोयीने.

पहिली कसोटी मालकीची. गट पाहताक्षणी कळावे की ही सेटिंग कोणाच्या अखत्यारीत आहे. पायथनच्या मंडळींनी 2016 साली पीईपी 518 या प्रस्तावात हे नेटके जमवले. प्रकल्पाच्या टॉमल फाइलमध्ये त्यांनी 'टूल' हा एक गट राखून ठेवला. त्याखाली प्रत्येक साधनाने आपल्या नावाचा उपगट घ्यायचा. पण पायपीआय या पॅकेज-भांडारावर ते नाव ज्याचे, त्यालाच तो हक्क. म्हणून आज अनेक साधने एकाच फाइलमध्ये एकमेकांच्या पायात न येता नांदतात. इथे खोली वाढली ती कारणाने.

दुसरी कसोटी वारशाची. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या फाइलमध्ये 'सर्व्हर' ब्लॉकमध्ये सुरक्षेचे तीन हेडर लिहिले, की आतल्या 'लोकेशन' ब्लॉकला ते आपोआप मिळतात. पण त्या लोकेशनमध्ये कॅशसाठी एकच 'ॲड-हेडर' लिहिला, की बाहेरचे तिन्ही तिथे लागू होत नाहीत. आतल्या पातळीवर असा एकही हेडर नसेल तरच बाहेरचे खाली उतरतात, हा तिथला मूळ नियम. फाइलची तपासणी बिनतक्रार पार पडते, साइट चालू राहते आणि संरक्षण तेवढे गळून पडते. नियम दस्तऐवजात आहे; फाइलवर नजर टाकून तो कळत नाही, हे खरे दुखणे.

गिटची रीत मला म्हणूनच आवडते. फाइलमध्ये विभाग आणि फार तर उपविभाग. कोणत्याही सेटिंगचा 'रिमोट डॉट ओरिजिन डॉट यूआरएल' असा पूर्ण पत्ता एका ओळीत सांगता येतो, आणि ते मूल्य कोणत्या फाइलमधून आले हे गिटलाच विचारता येते.

तेव्हा नवी पातळी उघडण्याआधी दोन प्रश्न विचारा: तिचा मालक वेगळा आहे का? आणि बाहेरचे काय आत येते, हे वाचणाऱ्याला दिसेल का? दोन्हींचे उत्तर 'हो' नसेल, तर ती सेटिंग आहे तिथेच राहू द्या.