यथाशक्ति कर्म: स्तनकर्करोगानंतरचे काम आणि मीमांसेचा अधिकारविचार

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार पार पडल्यानंतर स्त्रीने पुन्हा कामावर केव्हा आणि कितपत रुजू व्हावे, हा प्रश्न सहसा डॉक्टरांचा किंवा रजेच्या नियमांचा मानला जातो. परंतु सामर्थ्य घटले असता कर्तव्याचे काय होते, या फार जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे, आणि त्याची सर्वांत काटेकोर चर्चा यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेत सापडते. सातारा जिल्ह्यातील वाईच्या प्राज्ञ पाठशाळेचे संस्थापक केवलानंद सरस्वती यांनी या शास्त्राचा ‘मीमांसाकोश’ सात खंडांत सिद्ध केला, तरीही मीमांसेचा रोजच्या जगण्याशी काही संबंध असेल असे तिच्या अभ्यासकांनाही क्वचितच वाटते.

जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा, म्हणजे कोणते कर्म कोणी करावे याचा, विचार करतो. तेथे नित्य आणि काम्य कर्मांत भेद केलेला आहे: विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह, म्हणजे सर्व साहाय्यक विधींसह, पार पडले तरच फळते; अग्निहोत्रासारखे नित्य कर्म मात्र आयुष्यभराचे असल्यामुळे त्यातील मुख्य विधी सांभाळून बाकीची अंगे जमतील तेवढीच केली तरी ते पूर्ण ठरते. यालाच यथाशक्ति-न्याय म्हणतात. यज्ञाविषयीचा नियम नोकरी-मजुरीला लावणे ओढाताणीचे वाटेल. परंतु मीमांसकांची ‘कर्म’ ही कल्पना यज्ञयागापुरती असून गीतेने ती मनुष्याच्या सर्व व्यवहारांपर्यंत विस्तारली, हे लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त सविस्तर मांडले आहे, आणि स्वकर्मालाच पूजा मानणाऱ्या वारकरी परंपरेला तर ते सांगावेही लागले नव्हते.

या न्यायाची कसोटी सांगली जिल्ह्यातील तासगावच्या द्राक्षबागेत लागते. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, ही कामे मंडपाखाली उभे राहून, हात डोक्याच्या वर धरून तासन् तास करावी लागतात. काखेतील लसिकाग्रंथी काढलेल्या स्त्रीचा खांदा नेमका याच हालचालीत अडतो, आणि लिम्फेडिमा, म्हणजे लसिकाद्रव साचून हाताला येणारी सूज, पुढे वर्षानुवर्षे तिच्या सोबतीला असू शकते. शिवाय संप्रेरकांवर अवलंबून असलेल्या प्रकारच्या कर्करोगात पाच ते दहा वर्षे गोळ्या चालू राहतात, त्यामुळे ‘उपचार संपले’ हे विधान पुष्कळदा अर्धेच खरे असते. त्याच तालुक्यातील बेदाणा निवडण्याचे काम मात्र हात खांद्याच्या वर न नेता करता येते. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षिकेची अडचणही खांद्याचीच. पण तिच्या कामात शिकवणे हा मुख्य विधी असून फळा हे अंग आहे, हे मान्य करायला कोणाला कष्ट पडत नाहीत. मजूर स्त्रीच्या बाबतीत हा भेद करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. उक्त्याने बाग घेतलेल्या टोळीत तर एका हाताचा मंदपणा सगळ्यांच्या मजुरीत मोजला जातो, आणि वेग हे अंग असूनही तेथे मुख्य विधी होऊन बसतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत: शरीराला क्लेश होतील या भीतीने कर्म सोडणे हा राजस त्याग, आणि हानी व स्वतःची शक्ती न पाहता मोहाने आरंभलेले कर्म हे तामस. कीर्तन-प्रवचनांत पहिले वचन अधिक ऐकू येते, कारण ते उपदेशाला सोयीचे आहे. आजारातून उठलेल्या स्त्रीला आणि तिच्या घरच्यांना दुसऱ्याचीच अधिक गरज असते. तरी ‘जपून राहा’ हा सल्लाही निरपवाद नाही: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन उचलण्याचा सराव केल्याने लिम्फेडिमा बळावत नसल्याचे दिसले. शक्ती ही एकदा मोजून ठेवण्याची वस्तू नव्हे, म्हणून ‘यथाशक्ति’चे माप अधूनमधून पुन्हा घ्यावेच लागते.

मीमांसेची मर्यादाही झाकता येत नाही. याच अध्यायात ज्याचे व्यंग दूर होऊ शकते त्याला अधिकार आहे, ज्याचे कायमचे आहे त्याला नाही, असा निर्णय दिलेला आहे, आणि स्त्रीचा अधिकार पतीसह आहे. कायमची सूज असलेली, एकटीने घर चालवणारी स्त्री या चौकटीत दोनदा बाहेर पडते. यथाशक्ति-न्याय घ्यायचा तर हा अंगहीन-विचार टाकूनच घ्यावा लागेल.

उरतो कर्मविपाक, म्हणजे आजार हे पूर्वकर्माचे फळ होय, हा समज. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धान्त नाकारताना, त्यामुळे दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी टाळणे समाजाला आणि राज्याला सोपे जाते, असे दाखवले आहे. जबाबदारी अशी परत आणली की यथाशक्ति हा केवळ करणारीचा नियम राहत नाही. काम देणाऱ्यालाही अंगे कोणती आणि मुख्य विधी कोणता हे ठरवावे लागते. कर्मचारी राज्य विमा योजनेने हे काही अंशी केले आहे: कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारक कामगाराला सरासरी वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. ही योजना कारखाने आणि आस्थापनांसाठी आहे; द्राक्षबागेतील टोळी तिच्या कक्षेत येत नाही.