खाचांचं काम

पावसाळा तोंडावर आला की फोर बाय फोर गाडी असलेल्या घरांत एक चर्चा सुरू होते : यंदा टायर कोणते घालायचे? दुकानात गेलं की हात आपोआप सगळ्यात उग्र दिसणाऱ्या टायरकडे जातो. मोठे ठोकळे, खोल खाचा, बघूनच धीर यावा असं रूप. पण टायर जमिनीला विचारून निवडावा. आणि दगड नि चिखल यांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट असतात.

दगडावर सगळं काम रबराचं. गाडी लो गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी वर सरकते आणि टायरने कातळाचा प्रत्येक उंचवटा कवेत घ्यायचा असतो. म्हणून तिथे रबर मऊ हवं आणि टायरची बाजू उंच, लवचिक, तरीही दणकट हवी. खडकाळ वाटेवर टायर जातो तो बहुधा बाजूने, धारदार दगडाला घासून. बाजूला किती पदर आहेत, हे अनेक टायरांवर छापलेलं असतं. दुकानदाराशी भावाची बोलणी करण्याआधी ते वाचावं. रिमचा मोहही इथेच आवरावा. २०२० साली आलेल्या नव्या थार गाडीच्या १८ इंची रिमवर २५५/६५ मापाचा टायर होता, त्याची बाजू सुमारे १६६ मिलिमीटर. साध्या १६ इंची रिमवर २४५/७५, म्हणजे बाजू १८४ मिलिमीटरच्या आसपास. दिसायला साधी असलेली ही दुसरी जोडी दगडावर मला जास्त भरवशाची वाटते, कारण वाकायला तिच्याकडे जास्त रबर आहे.

अमेरिकेत, युटा राज्यातल्या मोआबच्या कातळांवर जवळजवळ उभ्या चढणाऱ्या जीप आपण पडद्यावर पाहतो. तो वालुकाश्म कोरडा, खरखरीत; रबर त्याला घट्ट धरतं. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पावसात शेवाळतो. तिथे चाललेला टायर इथे तसाच चालेल, असं समजू नये.

चिखलात मात्र रबर नसलेली जागा कामाला येते. रुंद खाचेत चिखल शिरतो, ठोकळा त्याला मागे रेटतो आणि फिरणारं चाक तो बाहेर भिरकावतं. खाच रिकामी झाली, तरच पुढच्या फेरीला ती काही धरू शकते. काळ्या मातीत अरुंद खाचा पहिल्या काही फुटांतच भरतात आणि मग टायर कितीही महाग असो, तो गुळगुळीतच. शेतकऱ्याला हे कुणी सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे तिरके, लांब लांब बसवलेले दांडे याचसाठी असतात. भाताच्या चिखलणीला तर रबर बाजूला ठेवून लोखंडी पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी चाकं लावतात. त्या चाकात जवळजवळ सगळी खाचच!

आणि रुंद टायर म्हणजे चांगला टायर, हेही सरसकट खरं नाही. कोकणात लाल चिखलाखाली पुष्कळदा जांभा असतो. अरुंद टायर वरचा थर कापून त्या तळाला भिडतो. चिखलाला तळच नसेल तिथे रुंद टायर बरा, तो गाडी बुडू देत नाही.

आता डांबराचं. आपण कितीही रानोमाळ हिंडलो तरी बहुतेक किलोमीटर डांबरावरच होतात. चिखलाच्या टायरचं रस्त्याला टेकणारं रबर कमी; ओल्या घाटात त्याला थांबायला जास्त अंतर लागतं, आणि त्याच गाडीत मागे आपली मुलं बसलेली असतात. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्याने चिखलाचा टायर जरूर घ्यावा. बाकी बहुतेकांना बाजू तीनपदरी असलेला ऑल टेरेन, म्हणजे डांबर नि कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर पुरतो, असं माझं ठाम मत आहे. स्टेपनीही त्याच मापाची हवी. चारही चाकांची ताकद जोडलेली असताना लहानमोठी चाकं गिअरच्या सगळ्या साखळीला पीळ देतात.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. जी खाच चिखलात गाडी ओढते, तीच माती उपटते. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण तसेच कितीतरी सडे सह्याद्रीत कुंपणाविना, नावाविना पसरलेले आहेत. तिथे कातळावर मातीचा जेमतेम थर असतो आणि त्यात पावसाच्या चार महिन्यांत फुलून जाणारी इवलीशी झाडं. ठोकळ्यांचं एक चाक फिरलं की तो थर गेला. तिथे दगडाचा काय नि चिखलाचा काय, कोणताच टायर बरोबर नाही. गाडी वाटेवर ठेवून पायी जावं.

टायर बदलणं परवडत नसेल त्याला एक उपाय फुकट आहे : हवा सोडणं. माणसांसकट गाडी १८०० किलोची धरली तर एका चाकावर साडेचारशे किलो. ३२ पौंड हवेला तो टायर ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो; १६ पौंडांना जवळपास दुप्पट. जुन्या टायरलाही यातून नवी पकड मिळते, खडकावर तर फारच. मात्र आणखी खाली गेलं तर टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरायची, कारण मऊ टायरची बाजू वेगात सतत दुमडून तापते नि फुटते. तेव्हा गाडीत पंप आणि हवा मोजायचं मीटर ठेवलेलं असेल, तरच व्हॉल्व्हला हात लावावा.