यंत्राचें खरेपण

वस्तूचे सारे अवयव एकामागून एक बदलले तरी ती वस्तु तीच राहते काय, हा वाद फार जुना आहे. प्लूटार्कनें थीसियसच्या गलबताची हकीकत दिली आहे. अथेन्सच्या लोकांनीं तें गलबत पिढ्यान् पिढ्या जतन केलें; फळी कुजली कीं ती काढावी व तेथें नवी बसवावी, असा त्यांचा क्रम. पुढें पंडितांत दोन तट पडले. एक म्हणे गलबत तेंच, दुसरा म्हणे तें नव्हेच. आपल्याकडे नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास रथाचें उदाहरण दिलें. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजे रथ नव्हे. आणि हें सारें बाजूस सारल्यावर रथ म्हणून निराळें असें कांहीं उरतहि नाहीं. 'रथ' हें व्यवहारापुरतें दिलेलें नांव. विद्यार्थिदशेंत हे वाद आम्हीं वाचले, तेव्हां ते बुद्धीचे खेळ वाटले होते. हल्लीं ते तसे वाटत नाहींत. कारण आमच्या पदरीं १९७८ सालची एक इटालियन मोटारसायकल आहे, आणि तिच्यापायीं आम्हांस या प्रश्नाचा निकाल पैशाच्या व सचोटीच्या भाषेंत लावावा लागला.

पोटापाण्याच्या निमित्तानें आमचें वास्तव्य गेलीं कित्येक वर्षें उत्तर इटलींत आहे. ही मोटारसायकल बोलोन्याच्या डुकाटी कारखान्याची. नांव '९०० सुपर स्पोर्ट'. डुकाटी ही संस्था १९२६ सालीं निघाली ती रेडिओचे सुटे भाग करण्याकरितां; मोटारसायकलींचा उद्योग दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९५४ सालीं फाबिओ तालिओनी नांवाचा इंजिनिअर तेथें आला, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षें कारखान्याची बुद्धि म्हणजे तालिओनीची बुद्धि असें समीकरण होऊन बसलें. सामान्य इंजिनांत झडप उघडण्याचें काम कॅमचें, मिटण्याचें स्प्रिंगचें. इंजिनाचे फेरे फार वाढले म्हणजे स्प्रिंग मागें पडते व झडप वेळेवर मिटत नाहीं. तालिओनीनें स्प्रिंगचा भरंवसाच सोडला. झडप उघडण्यास एक तरफ आणि ओढून मिटविण्यास दुसरी, अशी योजना केली. ही कल्पना प्रथम त्यासच सुचली असें नाहीं. मर्सिडीझच्या १९५४-५५ सालच्या शर्यतीच्या मोटारींतहि ती होती. पण बाकीच्यांनीं ती सोडून दिली, आणि या गृहस्थानें ती १९६८ पासून बाजारांत विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींत आणून टिकविली. तिचें 'डेस्मो' हें नांव ग्रीक आहे. देस्मोस् म्हणजे बंधन, द्रोमोस् म्हणजे धांव. बंधनांत धांवणारी झडप! मिलिंद राजाहि ग्रीकच होता, त्याला हें नांव रुचलें असतें.

या यंत्राची सेवा कशी असते, तें थोडें विस्तारानें सांगितल्यावांचून पुढील मुद्दा समजणार नाहीं. दोन सिलिंडर, चार झडपा. प्रत्येक झडपेस उघडण्याच्या बाजूची एक फट व मिटण्याच्या बाजूची दुसरी. म्हणजे एकूण आठ फटी. त्या मिलिमीटरच्या शतांशांत मोजावयाच्या. फट वाढली तर झडप खडखडते. नाहींशी झाली तर तरफ झडपेला छळूं लागते. फिरवून सारखी करण्याचा खिळा येथें नाहीं. झडपेच्या दांड्यावर एक पोलादी टोपी असते व तिच्याखालीं एक गळपट्टा. हव्या त्या जाडीची टोपी मिळाली नाहीं तर कांचेवर पॉलिशपेपर ठेवून ती हातानें घासावी लागते. थोडें घासावें, पुसावें, बसवून पाहावें, मोजावें, पुन्हा काढावें. गळपट्टा ज्यांच्या आधारानें राहतो त्या दोन अर्धवर्तुळाकार तारा नखाएवढ्या. हातांतून निसटल्या तर थेट इंजिनाच्या पोटांत जाव्यात. म्हणून आधीं सगळीं भोंकें फडक्यांनीं बुजवावयाचीं. एक रविवार असा जातो, आणि संध्याकाळीं घरचीं माणसें विचारतात कीं दिवसभर केलेंत तरी काय? पाव मिलिमीटरहि नव्हे इतकी जागा कमीजास्त केली, हें उत्तर कोणास पटण्यासारखें नसतें.

खालच्या धुरेची गति वर कॅमपर्यंत नेण्यास प्रत्येक सिलिंडरास एक उभा दांडा व त्याच्या दोन्ही टोंकांस तिरप्या दात्यांचीं चाकें आहेत. हे दांते एकमेकांत नीट बसावे म्हणून कारखान्यांत प्रत्येक इंजिनास हातानें पातळ चकत्या लावून जुळणी करीत. हें काम वेळखाऊ व महाग. म्हणून १९८० च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनांत रबरी दातेरी पट्टे आले. अशा रीतीनें आमच्याकडील यंत्र एका संपलेल्या पद्धतीचें अपत्य आहे. १९७२ सालीं इमोलाच्या दोनशें मैलांच्या शर्यतींत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रूनो स्पाज्यारी दुसरा आला तो याच कुळांतील ७५० च्या गाड्यांवर. १९७८ सालीं अकरा वर्षांच्या खंडानंतर आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत उतरून माइक हेलवुडनें विजय मिळविला तोहि याच कुळांतील गाडीवर. त्या पराक्रमांचें पुण्य आतां अशा प्रत्येक गाडीच्या किंमतींत मोजलें जातें, आणि तें मोजण्याचें माप म्हणजे क्रमांक. चौकटीवर एक क्रमांक ठोकलेला असतो, इंजिनाच्या पेटीवर दुसरा. दोन्ही कारखान्यांतून निघाले तेव्हांचेच असले तर गिऱ्हाईक एक किंमत देतें, नसले तर पुष्कळच कमी.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या इंजिनांतील एक कनेक्टिंग रॉड धांवत्या गाडींत तुटला आणि पेटी फोडून बाहेर आला. चाळीस वर्षांवर चाललेल्या लोखंडाबद्दल तक्रार कोणाकडे करावी? ज्या वृद्ध कारागिराकडे आम्ही जातों, त्यानें भोंकांत बोट घालून पाहिलें व मान हलविली. भेग बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेली होती. सांधून भागणार नव्हतें. पुढें चार महिन्यांनीं त्यानें कोठून तरी एक जुनी, न वापरलेली, सुट्या भागांत विकली गेलेली पेटी मिळविली. तिच्यावर क्रमांक नव्हता. तेव्हां तो सहज, चहाची साखर विचारावी तसा, म्हणाला कीं जुन्या पेटीवरचाच क्रमांक हिच्यावर ठोकून देतों. त्या वेळचे अंकांचे छाप त्याच्यापाशीं आहेत.

तो मनुष्य लबाड नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्याचें म्हणणें असें: पिस्टन बदलले, झडपा बदलल्या, तारा, साखळी, बैठक, टायर सारें बदललें; तेव्हां कोणीं ही गाडी खोटी म्हटली नाहीं. पेटी हा आणखी एक अवयव. गाडी तीच आहे; मग तिचें नांव तिच्या अंगावर लिहिण्यांत फसवणूक कोणाची? आम्ही त्यास तत्काळ उत्तर देऊं शकलों नाहीं. तो नकळत नागसेनाच्याच बाजूनें बोलत होता. घरीं येऊन आम्हीं त्यावर बरेच दिवस विचार केला. दोन्ही उत्तरांमधील रक्कम आमच्या ऐपतीच्या मानानें लहान नव्हती, म्हणून तो विचार निव्वळ तात्त्विक होता असेंहि आम्ही म्हणत नाहीं.

जपानांत इसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं नव्या लांकडाचें पुन्हा उभारतात. गेली उभारणी २०१३ सालीं झाली. लांकूड नवें, पण देवालय तेंच, असें तेथील लोक मानतात, आणि त्यांत कोणास खोटें दिसत नाहीं. कां दिसावें? उभारणीचा समारंभच सर्वांसमक्ष होतो. नव्या खांबावर जुनें साल कोरण्याचें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं. आपल्याकडेहि वाड्याची तुळई बदलली म्हणून वाडा बदलत नाहीं. पण नव्या तुळईवर पेशवाईंतील शक कोरला तर त्यास आपण दुरुस्ती म्हणूं काय? पिस्टन आपलें काम करतो, कांहीं सांगत नाहीं. म्हणून पिस्टन नवा असूं शकतो, खोटा असूं शकत नाहीं. क्रमांकाचें काम सांगण्याचेंच आहे. 'मी अमुक सालीं अमुक कारखान्यांतून या चौकटीबरोबर निघालों' एवढें एकच वाक्य तो बोलतो. पेटी बदलतांना अवयव बदलतो. क्रमांक ठोकतांना साक्ष बदलते.

आणि नागसेनाचा आधार कारागिरास मिळतो असें प्रथम वाटलें, तेंहि नीट पाहतां उलटें आहे. यंत्राला धातूपलीकडे एखादा अविनाशी आत्मा असता, तर वरच्या खोट्या क्रमांकानें त्यास कांहींच बाध आला नसता; वस्त्र मलिन झालें, इतकेंच. परंतु तसा आत्मा नाहीं, नांव हें व्यवहाराचें आहे, असें एकदां मानलें म्हणजे त्या नांवाला व्यवहाराच्या सचोटीखेरीज दुसरा आधारच राहत नाहीं. फळी केव्हां बदलली हें लोकांना ठाऊक होतें, म्हणून तर अथेन्सचे पंडित वाद घालूं शकले. ती माहितीच खोटी असती तर वाद कशावर घालावयाचा?

याचा अर्थ क्रमांकाच्या पूजकांविषयीं आम्हांस आदर आहे असा नव्हे. खोट्या क्रमांकांचा धंदा त्यांच्याच हौसेवर पोसला आहे. कित्येक दिवाणखान्यांत अशा गाड्या तेल व पेट्रोल काढून, गालिच्यावर उभ्या केलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. सारे क्रमांक जुळतात, रंगहि मूळचा. आणि आंत रबर कडक होऊन तडकलेलें, कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत जुन्या पेट्रोलचा डिंक बसलेला. धनी मोठ्या अभिमानानें सांगतो कीं वीस वर्षांत हिला कोणीं हात लावला नाहीं. जी धांवण्याकरितां केली तिला धांवूं न देणें, हें जतन कसलें? आमची गाडी झिजते ती चालते म्हणून, आणि तुटली तीहि चालत होती म्हणूनच.

असल्या गोंगाटी, पेट्रोल जाळणाऱ्या चैनीच्या वस्तूवर इतका नीतिविचार खर्च करावा काय, असा आक्षेप येईल. चैन आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण खोटें बोलण्याचा मोह चैनीच्या वस्तूंतच अधिक होतो. नांगराच्या फाळावर खोटें साल कोणीं ठोकीत नाहीं.

क्रमांकाची जागा आम्हीं कोरीच ठेवविली. कारागीर हंसला, म्हणाला, ही जागा पाहून गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारील तोच किंमत पाडून मागण्याचा. खरें आहे, गेल्या वर्षीं एकानें तसेंच केलें. फुटलेली पेटी आम्हीं टाकलेली नाहीं. ती तिच्या क्रमांकासह कपाटावर ठेवली आहे, आणि गाडी कधीं परक्या हातीं गेली तर तिच्याबरोबर जाईल. पेटी बदलल्याची हकीकत कामाच्या वहींत तारीखवार लिहिली असून खालीं कारागिराची सही आहे. ही वही मूळची आमच्या आधींच्या मालकाची. इटालियन हस्ताक्षरांतील त्याच्या नोंदी आमच्यापेक्षां नेटक्या आहेत. मात्र १९९१ पासून १९९८ पर्यंत त्यानें कांहींच लिहिलेलें नाहीं. त्या सात वर्षांत टाकीस दुसरा रंग लागला असावा, कारण झांकणाच्या कडेखालीं निराळ्या रंगाची एक रेघ दिसते. तो कोणीं व कां लावला हें सांगणारें आतां कोणी नाहीं. तीं पानें आम्हीं तशींच सोडलीं आहेत.