मागच्या पानावरून पुढे चालू

सीटीच्या आधी शिरेतून आयोडीन असलेलं औषध सोडतात. सगळे त्याला ‘डाय’ म्हणतात. आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या फोटोत पांढऱ्या उजळतात. किती सोडायचं हे आधीच ठरतं. समजा ८० मिलि, सेकंदाला ३ मिलि वेगानं. मध्येच सुई शिरेतून सरकली, हात फुगला आणि इंजेक्टर ५० वर थांबवला. नोंदीत काय जाणार?

पुष्कळदा उत्तर सॉफ्टवेअरच्या हातात असतं. ठरवलेला आकडाच ‘दिलेला’ म्हणून आपोआप भरायचा, हे आम्हा प्रोग्रामर लोकांना फार सोयीचं. बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो. पण चुकतो तेव्हा खोटं कोण बोललं? टेक्निशियननं तो टाइप केलेला नाही आणि प्रोग्रामरनं पेशंट पाहिलेला नाही. मला विचाराल तर ज्यानं रकाना आधीच भरून ठेवला, त्याचं. बाहेर रांग लागलेली असताना भरलेला रकाना कोण तपासतो?

या चित्रांसाठी जगभर डायकॉम नावाचं स्टँडर्ड वापरतात. त्यात ठरवलेलं आणि प्रत्यक्ष दिलेलं, यांचे अहवाल वेगळे आहेत. औषधाच्या नावाचा रकाना असावाच लागतो, पण माहीत नसेल तर रिकामा ठेवता येतो. हा नियम मला भारी आवडतो. ‘माहीत नाही’ म्हणायला हक्काची जागा देणारे सरकारी फॉर्म आपल्याकडे किती आहेत?

मग इंजेक्टरचाच आकडा थेट घेतला तर? घ्यावाच. पण सिरिंजमधून किती गेलं एवढंच त्याला कळतं. त्या ५० मधलं रक्तात किती आणि हाताच्या मांसात किती, ते नाही.

मी शिवडीत राहतो. इथून टाटा आणि केईएम जवळ, त्यामुळे रिपोर्टच्या मोठाल्या पिशव्या घेऊन परळकडे निघालेली माणसं रोज दिसतात. एका हॉस्पिटलची सीडी दुसऱ्यात उघडते. तिथला डॉक्टर किडनीचा रिपोर्ट बघतो, आधी डाय कधी आणि किती दिला ते बघतो. सीडीत ८० असेल तर तो ८० धरूनच पुढचा हिशोब करणार. रकाना रिकामा असेल, तर त्याला पेशंटकडे वळून विचारावं लागेल, “काका, मागच्या वेळी सुई टोचल्यावर काही झालं होतं का?”