दोष नजरेचा, नजरेसमोरच्याचा नव्हे

मागच्या दोन बाकांवरचे सगळे उभे राहा. आधी ते खिदळणं बंद करा. इंग्रजीच्या धड्यात 'ओगल' हा शब्द आला, मी अर्थ विचारला आणि तुम्ही सगळे मुलींच्या रांगेकडे वळून हसलात. वर एकाने उत्तर दिलं, 'प्रेमाने पाहणे'. वहीत तसं लिहिलं असेल तर आत्ताच्या आत्ता खोडा.

ओगल म्हणजे वखवखलेल्या नजरेने एखाद्याकडे टक लावून पाहणं. प्रेमात समोरच्याच्या मनाचा विचार असतो. इथे त्या मनाची दखलही कोणी घेत नाही. म्हणून हा शब्द ज्याच्याबद्दल वापरतात, त्याला बहुधा नावं ठेवण्यासाठीच वापरतात. एवढं कळत नसेल तर शब्दकोश उघडायचा, मुलींकडे बघून दात काढायचे नाहीत.

आता व्युत्पत्ती नीट ऐका. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, बहुधा डच किंवा उत्तर जर्मनीतल्या बोलीतून. डोळ्याला जर्मनमध्ये 'आउगे' म्हणतात, इंग्रजीत 'आय', संस्कृतात 'अक्षि'. सगळे एकाच कुळातले शब्द. म्हणजे मुळात यात डोळ्यापलीकडे काही नव्हतं. वाईट अर्थ चिकटला तो पाहणाऱ्यांच्या वागण्यामुळे.

ते वागणं कसं होतं तेही ऐका. १७११ साली लंडनमध्ये ॲडिसन आणि स्टील 'द स्पेक्टेटर' हे नियतकालिक चालवत होते. त्या मार्चमध्ये स्टीलने एका स्त्रीच्या नावाचं तक्रारपत्र छापलं. चर्चमध्ये एक उंच इसम गुडघे टेकायच्या उशीवर चढून उभा राहतो आणि बायकांकडे टक लावून बघतो, त्यामुळे ना प्रार्थनेत लक्ष लागतं ना प्रवचनात, अशी ती तक्रार. स्टीलने तिला 'तू तिकडे जाऊ नकोस' असं सांगितलं नाही. निर्लज्ज ठरवलं ते त्या इसमाला. पुढच्याच महिन्यात ॲडिसनने ओगल करायला शिकवणाऱ्या एका मास्तराचं पत्र छापलं. चर्चमधली नजर वेगळी, नाटकगृहातली वेगळी, असं तो शिकवायचा म्हणे! ॲडिसनने टर उडवली ती अशा टवाळांची. तीनशे वर्षांपूर्वी त्यांना जे समजलं, ते तुम्हाला अकरावीत बसून समजू नये?

'मॅडम, आम्ही नुसतं बघितलं, हात कुठे लावला?' हे मला ऐकवू नका. तुम्ही नाक्यावर घोळक्याने उभे राहता, म्हणून एखादी मुलगी लांबच्या रस्त्याने क्लासला जाते. बस थांब्यावर तुमच्या नजरा चुकवत ओढणी सारखी करत राहते. वाचनालयात पुस्तक समोर असून तिचं लक्ष पाठीमागे असतं. हा सगळा त्रास तुमच्या 'नुसत्या बघण्या'चा आहे.

कायद्यालाही हे कळतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ प्रमाणे लैंगिक हेतूने अठरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा वारंवार पाठलाग करणं किंवा त्यांच्यावर सतत नजर ठेवणं हा लैंगिक छळ आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड आहे. चुकून नजर गेली म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. पण समोरची अवघडली हे दिसूनही डोळे हलत नाहीत, तेव्हा 'चुकून' या शब्दामागे लपायचं नाही.

मुलींनो, तुम्ही का खाली माना घातल्या? वर बघा. लाज वाटायला हवी ती यांना. कोणी असा त्रास दिला तर घरी सांगा, मला येऊन सांगा. 'तूच काहीतरी केलं असशील' असं या वर्गात कोणी म्हणणार नाही.

आणि तुम्ही, उभे असलेले. मला माफीचे कागद नकोत, माना डोलावणंही नको. शाळेच्या फाटकाबाहेर, नाक्यावर, बसमध्ये, मी समोर नसताना कसे वागता यावरून मी तुम्हाला ओळखेन. मित्र असा बघत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. गप्प राहून हसणाराही त्यात सामील असतो. बसा आता, वह्या उघडा आणि अर्थ नीट लिहून घ्या.