तीन वर्षांचे रहिवासी

वसतिगृहाच्या प्रशासनाचा सर्वांत भरवशाचा साथीदार म्हणजे कॅलेंडर. जुलैत मुलं राहायला येतात, ऑगस्टमध्ये पाण्यासाठी अर्ज देतात. दिवाळीच्या आसपास पाहणी होते, फेब्रुवारीत अंदाजपत्रक तयार होतं, एप्रिलात परीक्षा लागतात. अर्जावर पहिली सही करणारा शेवटच्या वर्षाचा मुलगा मे महिन्यात ट्रंक उचलून गावी जातो आणि जुलैत नवा मुलगा त्याच नळाखाली बादली ठेवतो. या सगळ्यात कोणी नकार दिलेला नसतो, नुसती वाट पाहिलेली असते.

तात्पुरत्या माणसाची गैरसोय कशी कायमची होते, हे पाहायचं तर छत्तीसगडमधल्या भिलाईचा कॅम्प-1 पाहावा. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी 1959 मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. कायम कामगारांसाठी आखीव सेक्टर उभे राहिले. रुंद रस्ते, झाडं, शाळा, दवाखाना. बांधकामावरच्या मजुरांची कॅम्पमधली सोय मात्र काम संपेपर्यंतचीच धरलेली होती. कारखाना उभा राहिला, माणसं तिथेच राहिली, त्यांची मुलं-नातवंडं झाली. सोय मात्र कितीतरी काळ ‘तूर्तास’च्याच हिशोबात राहिली. जो उद्या जाणार असं धरलेलं असतं, त्याच्या गटाराचा विचार आज कोणी करत नाही.

याच परिसरात कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी कंत्राटी कामगारांना संघटित केलं. कंत्राटी कामगार आणि वसतिगृहातला विद्यार्थी यांची परिस्थिती एक नाही. एकाच्या पोटाचा प्रश्न असतो, दुसऱ्याच्या पुढे निदान पदवीची आशा असते. तरी दोघांनाही एकच उत्तर मिळतं: तुम्ही इथले नाही. नियोगींचं सूत्र होतं संघर्ष आणि निर्माण. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरात 1977 च्या गोळीबारात कामगार मारले गेले, त्यांच्या स्मृतीत कामगारांनी 1983 साली शहीद रुग्णालय सुरू केलं. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली, तरी रुग्णालय चालू राहिलं. संघटनेची खरी कसोटी इथे लागते. माणूस गेल्यावर मागे काय चालू राहतं?

हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या आंदोलनांना विचारायला हवा. 2018 साली भिलाईपासून जवळच नवा रायपूरच्या हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठात मुलं-मुली ऑगस्टमध्ये आंदोलनाला बसली. वसतिगृहात परतण्याच्या वेळेचं बंधन नको, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं हवं, कारभाराचा जाब हवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ऑक्टोबरात प्रकरण उपोषणापर्यंत गेलं आणि कुलगुरूंच्या राजीनाम्यानंतर निवळलं. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रातले आदिवासी वसतिगृहांचे विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. सरकारने खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात द्यायचं ठरवलं होतं, त्याला त्यांचा विरोध होता. नाशिक जिल्ह्यात पोलिसांनी मोर्चा अडवला.

पैसे हातात आले तर मुलगा हवं ते खाईल, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. ठेकेदाराच्या जेवणाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी याच मुलांनी केल्या होत्या. मग पैसे का नकोत? कारण खाणावळीत डाळ पातळ झाली तर शंभर जण एकदम उठून विचारतात. खात्यात पैसे उशिरा आले तर प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा उपाशी राहतो. सामायिक ताट गेलं की सामायिक तक्रारही जाते. सोय वाटून दिली की माणसंही वाटली जातात.

यावर नेहमीचा टोमणा तयार असतो: फुकट राहायचं, फुकट खायचं, वर मागण्या! वसतिगृह हे उपकार आहेत, अशी ही समजूत. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली, ती दान म्हणून नव्हे. राहायला जागा नसेल तर खेड्यातल्या मुलाला शाळेचं दार उघडं असून नसल्यासारखं, हे त्यांनी ओळखलं होतं. तिथल्याच जैन बोर्डिंगातल्या भाऊराव पाटील नावाच्या मुलाने अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या समारंभाला हजेरी लावली. परत आल्यावर शुद्धीची आंघोळ कर, असं फर्मान निघालं. त्याने ते मानलं नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे 1924 साली साताऱ्यात त्यांनीच सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारं वसतिगृह काढलं. वसतिगृहाशी भांडलेल्या मुलाने महाराष्ट्राला वसतिगृहं दिली. कृतघ्नतेचा आरोप करणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं.

पण अर्धा दोष मुलांकडेही जातो. घोषणा देताना पाचशे असतात, खाणावळ समितीत बसून महिन्याचा तांदूळ-तेलाचा हिशोब तपासायला पाचही उरत नाहीत. मागणी मान्य झाली की विजयाचे फोटो निघतात. लेखी आश्वासन कोणाच्या कपाटात राहिलं, हे पुढच्या वर्षी कोणाला ठाऊक नसतं. शेवटच्या वर्षाची मुलं नेतृत्व सोडत नाहीत आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना फक्त गर्दीसाठी बोलावतात. मग मे महिना आला की संघटनाच पदवीधर होऊन जाते.

म्हणून समितीत पहिल्या वर्षाच्या मुलांना जागा हवी, तक्रारींची वही एका तुकडीने दुसरीच्या हाती द्यायला हवी, आश्वासनावर तारीख हवी आणि त्या तारखेला विचारायला कोणीतरी जायला हवं. यात रोमांच नाही. पण प्रशासनाचं सगळं बळ वाट पाहण्यात असेल, तर त्याहून जास्त काळ वाट पाहू शकणारी संघटना हेच त्याला उत्तर आहे. ज्या नळाचं पाणी आपल्याला मिळणार नाही, त्यासाठी अर्जाचा पाठपुरावा करणारा मुलगा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, तो वसतिगृहातच घडतो.