आधी खर्रा थुंकून ये

आधी खर्रा थुंकून ये. मग बस. खुर्चीवर नको, त्या स्टुलावर. संघाचा मालक झाला असशील बाहेर, माझ्या घरात तू अजून दहावी ‘ब’चाच आहेस. आणि तो संत्रा बर्फीचा डबा टेबलावरून खाली ठेव. अजून फोडायचा नाही.

काय म्हणालास दारातच? ‘सर, ते मी खाजगीत बोललो होतो.’ खाजगीत! दहावीच्या निबंधात तुला कधी नेमका शब्द सापडला नाही, आज बरा सापडला रे. आणि पुढे काय, तर ‘लीगच्या कमिटीतले दोघे तुमचेच विद्यार्थी आहेत, तुम्ही सांगितलं तर मिटेल.’ म्हणजे तीस वर्षं खडू झिजवला तो तुमची प्रकरणं मिटवायला!

मान वर कर. तो मेसेज मी तीनदा ऐकला. बावीस सेकंदांचा आहे. पहिल्यांदा वाटलं आवाज तुझा नसेल. दुसऱ्यांदा खात्री पटली. तिसऱ्यांदा का ऐकला ते मलाही सांगता येणार नाही. फायनल जिंकली, रात्रीचे बारा वाजले, फार्महाऊसवर सावजीचं मटण शिजून राहिलं होतं आणि तू व्यवस्था बघणाऱ्या दोस्ताला सांगत होतास की त्या दोन पोट्ट्यांची ताटं बाहेर मांडवात लाव, आत नको, आईला चालत नाही. त्यांच्या जातीसाठी जो शब्द वापरलास तो मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही. त्या दोघांपैकी एकानं शेवटच्या षटकात सात धावा रोखल्या म्हणून तुझ्या हातात तो चषक आला. फोटोत त्याच्या खांद्यावर तुझा हात आहे. फोटो अकरा वाजताचा, मेसेज बाराचा. एका तासात हात कुठे गेला तुझा?

आणि आईला मध्ये काहून ओढलंस? चाळिशी आली तुला. पदराआड लपायचं वय आहे का हे?

आता नीट ऐक, मध्ये बोलू नको. मोबाइल उपडा ठेव.

तुमच्या त्या लीगमध्ये मी दोनदा येऊन बसलो आहे. अमरावती रोडच्या कडेला ट्रान्सपोर्टचा मोकळा प्लॉट, हॅलोजन लावलेले, पलीकडे ट्रक उभे, टेनिसचा चेंडू. मला आवडलं, खोटं कशाला बोलू! वलनीच्या खाण कामगाराचा पोट्टा, उमेश यादव, असाच टेनिस चेंडूवर खेळता खेळता भारताकडून कसोटी खेळला. आपल्या वाडीतूनही एखादा जाईल असं मनात आलं. पण तुमचा तो लिलाव पाहिला आणि पोटात कालवलं. ‘हा आठ हजार पॉइंटला विकला गेला’, ‘याला मी विकत घेतलं’. पॉइंटच आहेत, खरे पैसे नाहीत, हे मला कळतं. पण विकत घेतो म्हणता, मालक म्हणवता आणि मग म्हणता माझं बोलणं खाजगी! मालकी चव्हाट्यावर आणि तोंड तेवढं घरचं, असं कसं जमेल बाप्पा?

बाळू पालवणकर हे नाव ऐकलंस? नसेलच ऐकलं. पी. बाळू. जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्याला इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टी बघायची, नेट लावायचं आणि ग्रेग नावाच्या साहेबाला तासन्‌तास चेंडू टाकायचे. डावखुरा फिरकी गोलंदाज. ग्रेगची विकेट काढली की साहेब आठ आणे द्यायचा अशी आख्यायिका आहे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांच्या संघाला हरवायचं होतं, तेव्हा बाळूशिवाय चालेना. घेतला संघात. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. बाळूनं थुंकी लावून चकाकवलेला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक झेलायचा आणि त्याच्याकडे परत फेकायचा. त्यात कुणाला काही वाटायचं नाही, विकेट पडत होत्या न! चहाची वेळ झाली की बाकीचे आत, चिनी मातीच्या कपात. बाळू पॅव्हिलियनच्या बाहेर. त्याला मातीचं भांडं, प्यायल्यावर फेकून द्यायचं. जेवायला वेगळं टेबल.

तुझा मांडव आणि ते मातीचं भांडं, यात मला तरी फरक दिसत नाही. तुला दिसत असला तर सांग.

त्या हिंदू संघाच्या सभासदांनीही हेच म्हटलं असेल की मैदानावर आम्ही भेद करत नाही, चहाचं म्हणाल तर तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण हा घरचा प्रश्न घरात राहिला का? 1911 साली पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूनं 114 बळी घेतले. तिथल्या संघांविरुद्ध, परक्या हवेत. दुसरा कोणी असता तर परत आल्यावर हिंदू संघाची कप्तानी त्याच्याकडे चालत आली असती. बाळूकडे आली नाही. ज्याचा कप बाहेर ठेवता त्याच्या हाताखाली खेळायचं कसं! 1920 साली त्याला संघातूनच वगळलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे दोघे भाऊ निषेध म्हणून बाजूला झाले. तिघंही भाऊ खेळणारे, आणि गणपत नावाचा चौथाही होता. शेवटी 1923 साली विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदू संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली. आपले नागपूरचे सी. के. नायडू ज्या हिंदू संघातून पुढे आले तोच हा संघ. पण बाळूच्या कप्तानीची वर्षं गेली ती गेलीच. कप कुठे ठेवायचा हे ठरवणारी माणसंच कप्तान कोण हे ठरवत होती. म्हणून मालकाचं खाजगी बोलणं खाजगी नसतं रे. पुढच्या लिलावात त्या दोघांना तू घेशील की नाही, कप्तान कोणाला करशील, हे त्या बावीस सेकंदांत ठरून गेलं आहे.

तुझ्यासारखाच एक आवाज 2014 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बाहेर आला होता. डोनाल्ड स्टर्लिंग नावाचा म्हातारा, लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचा मालक. मैत्रिणीशी घरात बोलला की काळ्या लोकांबरोबर फोटो टाकू नको, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नको. संघात बहुतेक खेळाडू काळे! पुढच्या सामन्याआधी त्या पोरांनी संघाचे जॅकेट मैदानाच्या मधोमध टाकले आणि आतले शर्ट उलटे घालून सराव केला, संघाचं नाव दिसू नये म्हणून. चार दिवसांत लीगचा प्रमुख अॅडम सिल्व्हर यानं स्टर्लिंगला आजन्म बंदी घातली, 25 लाख डॉलर दंड ठोकला आणि संघ विकायला लावला.

टाळ्या वाजवू नको मनातल्या मनात, गोष्ट संपलेली नाही. याच माणसावर भाड्याची घरं देताना काळ्या आणि लॅटिनो लोकांना डावलल्याचा खटला सरकारनं भरला होता. 2009 साली त्यानं 27 लाख डॉलरच्या वर रक्कम मोजून तो मिटवला. तेव्हा लीगला त्याचा वास आला नाही. माणसांना घर नाकारलं तेव्हा गप्प, आणि तोंड उघडं पडलं, जाहिरातदार पळायला लागले, तेव्हा एकदम न्यायाचा पुळका. आणि शिक्षा तरी काय? सव्वा कोटी डॉलरला घेतलेला संघ दोनशे कोटींना विकला गेला. अशी शिक्षा मलाही द्या म्हणतील लोक. शिक्षा करावी की नाही यावर माझं दुमत नाही, पण नुसत्या आवाजाच्या क्लिपची वाट बघत बसणारी लीग मला शहाणी वाटत नाही. तुमच्या कमिटीलाही हे सांगणार आहे मी. मागच्या वर्षीही ताटं बाहेरच होती म्हणे. तेव्हा कमिटीवाले आत बसून रस्सा ओरपत होते.

‘ते अमेरिकेत, सर.’ वाटलंच होतं म्हणशील. मग आपल्या आयपीएलचं घे. 2013 साली चेन्नई संघाचा गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थान संघाचा सहमालक राज कुंद्रा सट्ट्यात सापडले. सट्टा काय त्यांनी खेळपट्टीवर उभं राहून लावला होता? बंद दाराआडच. तरी 2015 च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती लोढांच्या समितीनं दोघांना क्रिकेटमधून आजन्म बाहेर काढलं आणि दोन्ही संघ दोन वर्षं बाहेर बसवले. तेव्हा कोणी म्हणालं नाही की बिचारे खाजगीत खेळत होते. पैशाचा खेळ खाजगीत केला तर खेळाला बट्टा लागतो, आणि माणसाचा अपमान खाजगीत केला तर लागत नाही, हे गणित मला शिकव. फळा आणू?

वकिलाकडे जाऊन आलास, ते कळलं मला. तो म्हणाला असेल की कायद्यात बसत नाही. बसत नसेल. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांच्या देखत व्हावा लागतो, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी हजर नसताना बोललेलं त्या कलमात येत नाही. ती सीमारेषा असायलाच हवी. पोलीस प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कान लावून बसले तर तुझ्याआधी मी विरोध करीन. मेसेज फोडणाऱ्या तुझ्या दोस्ताबद्दलही माझं मत चांगलं नाही, त्यानं तो न्यायासाठी नाही, तुझ्यावर खुन्नस काढायला फोडला. पण लीग म्हणजे कोर्ट नाही. तिनं तुला तुरुंगात टाकायचं नाही. तिनं दिलेलं ते मालकाचं टी-शर्ट परत मागायचं आहे. ते टी-शर्ट काही तुझा मूलभूत अधिकार नाही.

हे तू घरात पुटपुटला असतास, कुणा शेजाऱ्याबद्दल, तर मी तुझा कान धरला असता आणि गोष्ट इथेच संपली असती. कमिटीपर्यंत नेली नसती. तू बोललास ते तुझ्या हाताखालच्या पोरांबद्दल, आणि नुसतं बोलला नाहीस, ताटं लावलीस.

एक माझंही सांगतो, म्हणजे मास्तर सोवळा आहे असं समजून जाणार नाहीस. तुमच्याच बॅचला एक वेगवान गोलंदाज होता. त्याला तुम्ही सगळे ‘काळू’ म्हणायचे. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी ते ओरडायचं आणि वर्ग हसायचा. मीही हसायचो. एकदा तर मैदानावर मीच त्याला त्या नावानं हाक मारली. तो धावत आला, चेंडू घेतला, ‘हो सर’ म्हणाला. 2020 साली वेस्ट इंडिजचा माजी कप्तान डॅरेन सॅमी म्हणाला की हैदराबादच्या संघात असताना त्याला काळू म्हणायचे आणि त्याला वाटायचं की हे काहीतरी दणकट घोड्यासारखं कौतुक आहे. अर्थ कळला तेव्हा चिडला. पेपरात वाचलं आणि मला त्या पोट्ट्याचं ‘हो सर’ आठवलं. त्याला तर अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत होता. आता तो कुठे असतो, शोधतो आहे. तुझ्याकडे नंबर असेल तर दे. बर्फी नको, नंबर दे.

तर रविवारी सकाळी दहाला कमिटी बसणार आहे. मी येतो. तुझ्या बाजूनं नाही. मी सांगणार आहे की याचं मालकपद काढा, दोन मोसम मैदानाच्या दोरीच्या आत पाय ठेवू देऊ नका. पण संघ मोडायचा नाही. चेन्नईचा संघ बाहेर बसला तेव्हा सट्टा न लावलेली पोरंही दुसऱ्यांकडे विखुरली गेली. तुझ्या मूर्खपणाची फी त्या अकरा जणांनी काहून भरावी? किट, चेंडू, हॅलोजनचं भाडं, यंदाचं तूच द्यायचं. नाव मात्र कुठे लावायचं नाही.

आणि एक बेत तुझ्या डोक्यात आहे तो मला माहीत आहे. त्या दोघांना कमिटीपुढे बोलवायचं, बर्फी भरवायची, मिठी मारायची, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, ‘गैरसमज दूर’ म्हणून. खबरदार! त्यांनी तुला माफ करावं म्हणून त्यांना सुट्टीच्या दिवशी उभं करायचं नाही. माफी मागायची असेल तर त्यांच्या घरी जा, एकटा जा, कॅमेरा इथे ठेवून जा. दारातून परत पाठवलं तर परत ये. जेवायला वाढलं तर बसून जेव.

झालं माझं. काकूंनी चहा ठेवलाय, पिऊन जा. कप तुझा तूच विसळ, बेसिन मागच्या अंगणात आहे. आणि जाताना तो डबा उचल.